सही तुमची, तारीख माझी

बर्फाचं एक बरं असतं. सकाळी पेटीत भरला की दुपारपर्यंत पाणी होतो, पेटी पुन्हा मोकळी. किश्शांचं तसं नाही. एकदा भरले की ते वितळत नाहीत, उलट वर आणखी पडत राहतात. दौंड स्टेशनाबाहेर चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "दगडूमामा, ती डोळ्यांची गोष्ट सांगा की." मी विचारतो, "कुठली?" मग तो बिचारा चहा गार करून बसतो.

मी शाळा बाहेरून पाहिलेला माणूस. घड्याळ वाचायला तिशी उलटल्यावर शिकलो, तेही मेलेल्या माणसांमुळं. हे मी बोलतोय आणि नातसून लिहितेय. तिला सांगितलंय, बोलतो तसं लिही, सुधारू नकोस. ती थोडं सुधारतेच.

तर सत्तर सालानंतरची ती दहा वर्षं. दौंडात आमच्या डॉक्टरांचा डोळ्यांचा दवाखाना होता. माणूस गेला की त्याचे डोळे काढून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचे, आणि तिथं त्या डोळ्याची पुढची काच आंधळ्या माणसाला बसवायची, हे खूळ त्यांनी आमच्या भागात आणलं. 'खूळ' हा शब्द माझा नाही, गावाचा.

नियम एकच होता. माणूस गेल्यापासून सहा तासांच्या आत डोळे बाटलीत, बाटली बर्फाच्या पेटीत, पेटी पुण्याच्या गाडीत. डॉक्टर म्हणायचे, "सहा तास आपले. सातवा यमाचा."

या कामाला आम्ही चौघं. एक डॉक्टर. दुसरे जोशी कंपौंडर, यांचं अर्धं आयुष्य स्वतःच्या मनगटाकडं बघण्यात गेलं. तिसरा टेलिफोनचा काळे आपरेटर. हा लोकांचे ट्रंक कॉल कान लावून ऐकायचा, आणि ते पाप त्यानं आमच्यामुळं पुण्याच्या कामाला लावलं. चौथा मी, झाडलोट करणारा आणि पेटी उचलणारा.

आणि आमच्या चौघांच्या मानेवर बसलेली माझी भाची, सुमी. एक डोळा लहानपणीच देवीनं नेला. दुसऱ्याला मांडवगण फराट्यात, सासरी, ऊस तोडताना पात लागलं. ऊस गावच्या आबा पाटलांचा. पाटलीणकाकींनी तिला तिथंच बांधावर मांडीवर घेतलं आणि पुढं तीन दिवस स्वतःच्या हातानं डोळ्यात मध घातला. मायेनंच घातला. चौथ्या दिवशी डोळ्यात पांढरं फूल पडलं. तेव्हा ती पाच महिन्यांची गरोदर होती. पोरगं झालं, रांगलं, चालायला लागलं, पण हिनं तोंड बघितलं नव्हतं.

पुण्याच्या यादीत तिचा नंबर होता अकरावा. एका मयताचे दोन डोळे, दोघांना. डोळा गेल्यापासून ती माझ्याकडंच राहायला होती. म्हणून मी पेटी पोचवून घरी आलो की ती ओट्यावरून विचारायची, "मामा, आज कुणाला देऊन आलाव माझा डोळा?"

*

पहिलाच किस्सा यवतजवळच्या वस्तीवरचा.

काळेचा फोन आला, "म्हातारा गेला. पोरानं बहिणीला कॉल लावलाय." आम्ही जीप काढली. ही जीप एवढी जुनी होती, की ती पुण्याला जाणार नाही यावर आमचं चौघांचं एकमत होतं. स्टेशनपर्यंत आली तरी आम्ही तिचे आभार मानायचो.

वस्तीवर अंगणात पंधरा-वीस माणसं बसलेली. जोशींनी वही उघडली. "किती वाजता गेले?"

एक बाई म्हणाली, "गाय पान्हावली तवा."

"गाय किती वाजता पान्हावते?"

"तिच्या मनावर हाय."

दुसरा म्हणाला, "न्हाई न्हाई, दुपारची गाडी शिट्टी मारून गेली तवा."

जोशी खुश झाले. "दुपारची म्हणजे एक वाजून दहाची?"

"व्हय. पर ती लेट हुती."

"किती लेट?"

"आमी कुठं जायाचं हुतं का काय, किती लेट बघायला!"

जोशी वहीत बेरजा-वजाबाक्या करायला लागले. तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला. आम्ही आत गेलो. म्हातारा खाटेवर पडलेला, डोळे टक्क उघडे. काळेनं फोनवर "बाबांचं काही खरं न्हाई" एवढंच ऐकलं होतं, उरलेलं त्यानं आपल्या पदरचं घातलं होतं!

म्हाताऱ्यानं डॉक्टरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या पेटीकडं बघितलं. मग एकदम मायेनं म्हणाला, "किती येळ बसाल? बर्फ पानी हुईल. उद्या या."

पुढं तीन वर्षं तो बाजारात भेटला की लांबनं हात करून विचारायचा, "बर्फ हाय का?"

*

गाडीत सुरुवातीला मला जागाच मिळायची नाही. सकाळच्या गाडीला माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली असायची. मी दाराशी पेटी छातीला धरून उभा.

एका गृहस्थानं विचारलं, "काय हाय पेटीत? पेढं का?"

मी म्हटलं, "डोळे."

"कशाचे?"

"माणसाचे."

समोरचा सगळा बाक मोकळा झाला. त्या दिवसानंतर दहा वर्षांत मी कधी उभ्यानं पुण्याला गेलो नाही. कुणी विचारलं नाही, तर मीच सांगायचो.

एकदा भर उन्हाळ्यात बर्फ यवतलाच संपला. स्टेशनाबाहेर गोळेवाला होता, त्याच्याकडचा सगळा बर्फ पेटीत ओतला. पुण्याच्या डॉक्टरांनी पेटी उघडली आणि दचकले. "हे हिरवं काय आहे?"

"वाळ्याचं सरबत, साहेब. बाटलीचं बूच घट्ट हाय, आत काय गेलं न्हाई."

त्यांनी वास घेतला. मग म्हणाले, "दौंडकडचे डोळे नेहमी वेळेवर येतात. आज थंडगारही आले."

सुमीचा नंबर त्या दिवशी नववा झाला.

*

मग मांडवगणला शिबिर झालं. आबा पाटलांच्या अंगणात मांडव, खुर्च्या, हार. पंचायतीचे मोठे पाहुणे येणार म्हणून अख्खं गाव हजर. डोळ्यांसाठी कुणी आलं नव्हतं, हे सांगायला नकोच.

आबा म्हणजे भारदस्त माणूस. आवाज लागत नसे त्यांना. नुसतं बघितलं तरी चाकर उठून उभा राहायचा, आणि काकींचा डोक्यावरचा पदर कपाळाखाली यायचा. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, तरी यायचा.

पाहुण्यांना घरातून कपबशीत चहा आला. मलाही आला. माझा कप ओट्याबाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला, बिनकानाचा. पिऊन मीच विसळून परत ठेवायचा. गावच्या बौद्धवाड्यातला आमचा कुणीही आला तरी तोच कप. त्या कपाला गावात माझ्यापेक्षा जास्त ओळखी होत्या.

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. माणूस गेला की पंखा बंद करा, डोक्याखाली दोन उशा द्या, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, आणि वेळ बघा. मग म्हणाले, "जिवंतपणी डोळ्याला काही लागलं तर मध, दूध, तुळशीचा रस असलं काहीएक घालू नका. मधामुळं किती डोळे गेलेत!" तेव्हा दाराआड एक भांडं पडलं. बराच वेळ कुणी ते उचललं नाही.

पाहुणे म्हणाले, "पहिली सही आबांची!" टाळ्या पडल्या. फोटोवाला पुढं सरसावला. आबांना पेन धरावंच लागलं. सही झाली, फोटो निघाला, पाहुणे गेले. मग आबांनी डॉक्टरांना जवळ बोलावलं आणि कागदावर बोट ठेवून म्हणाले, "डॉक्टर, सही तुमची. पर तारीख माझी. ती मी टाकणार, आन् मला काय घाई न्हाई!"

मांडव हसून खाली यायचा राहिला.

निघताना दाराआडून आवाज आला, "डॉक्टरसाहेब, बाईमाणसाचा अंगठा चालतो का?"

आबांनी नुसतं तिकडं बघितलं. पण डॉक्टर "चालतो की" म्हणून मोकळे झाले होते. जोशींनी दाराच्या फटीतून कागद आत सरकवला. अंगठ्याचा ठसा घेऊन कागद बाहेर आला. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

*

शिरूरचे एक गुरुजी वारले. शहाणा माणूस. फॉर्म भरलेला, घरच्यांना बजावून ठेवलेलं. जोशी म्हणाले, "आज आपण पहिल्यांदा वेळेच्या आधी पोचणार."

पोचलो तर गुरुजी घरी नव्हते! त्यांना शाळेच्या पटांगणात नेऊन ठेवलं होतं आणि शोकसभा चालू होती. अकरा वक्ते. तिसरा बोलत होता, आणि तो अजून गुरुजींच्या बालपणातच होता.

डॉक्टरांनी व्यासपीठावर चिठ्ठी पाठवली. ती अध्यक्षांनी खिशात घातली. दुसरी पाठवली. अध्यक्षांना वाटलं आणखी एक वक्ता आहे, त्यांनी चिठ्ठीवरचं नावच पुकारलं. डॉक्टरांना उठून दोन मिनिटं श्रद्धांजली वाहावी लागली.

आठवा वक्ता गहिवरला. "गुरुजी गेले, पण त्यांचे डोळे... त्यांचे ते प्रेमळ डोळे... ते अमर आहेत!"

मागच्या रांगेतून जोशी मनगट वर करून ओरडले, "अमर नाहीत साहेब, पावणेपाचपर्यंत!"

सभा तिथंच आटोपली. त्या गावात जोशींना पुढं कुणी भाषणाला बोलावलं नाही, आणि भाषणं मात्र जरा छोटी व्हायला लागली.

*

एका बड्या बागायतदाराच्या घरी गेलो होतो. वडील वारलेले, थोरला मुलगा तयार. डॉक्टरांनी पिशवी उघडली, तेवढ्यात तो म्हणाला, "एक अट हाय. डोळे आपल्याच माणसाला बसले पाहिजेत."

"आपल्या म्हणजे?"

"आपल्या म्हंजी... तुमाला कळतंय की."

असं म्हणून त्यानं ओट्याखाली उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं, म्हणजे डॉक्टरांना कळायला सोपं जावं म्हणून.

डॉक्टर हसले नाहीत, चिडले नाहीत. पिशवी बंद करून शांतपणे म्हणाले, "चालेल. मग नियम दोन्हीकडून पाळू. उद्या तुम्हाला डोळ्याची गरज पडली तर तुम्हीही आपल्याच माणसाचा घ्यायचा. आत्ताच नोंद करून ठेवतो. जोशी, लिहा. भावकीत सध्या आजारी कोण आहे?"

सगळ्या भावकीनं एकमेकांकडं बघितलं. दम्यानं धापा टाकणारे एक चुलते होते, त्यांच्यावर सगळ्यांची नजर येऊन थांबली. चुलते भिंतीला सरकले.

"डॉक्टर," ते म्हणाले, "कुणालाबी बसवा. विषय वाढवू नका."

सुमीचा नंबर तिसरा झाला. घरी आल्यावर तिला हा किस्सा सांगितला तर म्हणाली, "मामा, बरं झालं मी आंधळी हाय. त्यो तुमच्याकडं कसा बघत हुता ते बघायला लागलं न्हाई."

*

आता जरा पाणी पिऊन सांगतो.

सुमीचा नंबर पहिला आला. पुण्याहून निरोप होता, पुढची पेटी येईल तिच्याबरोबर पेशंटलाही घेऊन या. मात्र आमचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "दगडू, तिच्या फुलात रक्ताच्या शिरा शिरायला लागल्यात. अजून सहा महिने. पुढं डोळा मिळाला तरी धरणार नाही."

तिसऱ्या महिन्यात नदीकाठच्या वडगाव रासाईहून फोन आला. एक माळकरी म्हातारा एकादशीच्या पहाटे पाचला गेला. आम्ही जीप काठाला लावली, नावेनं पलीकडं गेलो. घरात काय आनंद! म्हणजे दुःख होतंच, पण एकादशीचं मरण! एकादशीला गेला की थेट वैकुंठ, मध्ये कुठं थांबा नाही. माणसं येत होती आणि मुलाचं अभिनंदन केल्यासारखं सांत्वन करत होती.

डॉक्टरांनी म्हाताऱ्याचा हात उचलून बघितला. हात लाकडासारखा. "पाचच ना?"

"पाच! कोंबडा आरवला आन् विठ्ठल म्हणालं!"

"फार गार पडलेत."

"थंडी किती हाय, डॉक्टर! आमीबी गारच हाय की."

डोळे घेतले. दौंडला सुमीला गाडीत बसवलं. पेटी माझ्या मांडीवर, तिचा हात पेटीवर. रस्ताभर तिनं हात काढला नाही. पुण्यात तिला गाऊन घातला, डोळ्यात औषध घातलं, आणि तासाभरानं मोठे डॉक्टर बाहेर आले. "हे डोळे आजचे नाहीत. काल संध्याकाळचे आहेत. काच पार धुरकटली."

आम्ही परत आलो. पुढच्या आठवड्यात त्या गावचा न्हावी दवाखान्यात आला, त्याच्याकडून कळलं. म्हातारा दशमीला दिवेलागणीलाच गेला होता. घरच्यांनी वर वाकळ घातली, बायकांना तोंडात पदर कोंबायला लावला, आणि एकादशी उजाडेपर्यंत सगळं घर त्याला जिवंत धरून बसलं! पहाटे पाचला रडायची ऑर्डर निघाली.

मला राग येत नाही सहसा. त्या दिवशी आला. सुमी मात्र ओट्यावर बसून पोराच्या डोक्याला तेल लावत होती. म्हणाली, "जाऊ द्या मामा. म्हातारा वैकुंठाला तर पोचला ना? तितं बघायला लागतील की डोळे."

मग तेलाची बाटली बाजूला ठेवून म्हणाली, "अजून तीन महिने हायेत न्हवं?"

*

तीन महिन्यांतले अडीच गेले.

एका दुपारी काळेचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता. "मांडवगणच्या पोस्टातनं फोन आहे. आबा पाटील गेले. पाटलीणबाईंचा निरोप आहे, वेळ सव्वातीन, नीट लिहून घ्या. दोनदा सांगितलंय." आणि वर म्हणाला, "मामा, या वेळी मी पदरचं काही घातलेलं नाही."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. मला वाचता येत नव्हतं, पण एकादशीचा खुणेचा ठिपका कळायचा. ठिपका उद्यावर होता. म्हणजे आज दशमी.

सुमीला स्टेशनावर बसवायला सांगून आम्ही निघालो. पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. अंगणात सगळी भावकी बसलेली. कुणी रडत नव्हतं. थोरले चिरंजीव बापू पुढं आले.

"कशाला आलाव?"

डॉक्टर म्हणाले, "आबा गेल्याचं कळलं."

"कोण म्हणतं? धुगधुगी हाय अजून."

भावकीनं माना डोलावल्या. एकजण म्हणाला, "उद्या पाटेपतोर काय जात न्हाईत आबा." एवढा खात्रीचा मुहूर्त तर भटजीसुद्धा देत नाही!

"मी नाडी बघतो."

"नाडी हाय."

"कुठं आहे?"

"आत हाय."

"मग मी आत जातो."

"आत बाया हायेत."

जोशी पुटपुटले, "दोन तास वीस मिनिटं." मी ओट्याखाली, माझ्या ठरलेल्या जागी, पेटी धरून उभा. कोनाड्यात तो कप तसाच. मला दिसत होती स्टेशनावर गाठोडं घेऊन बसलेली सुमी. दौंडची गाडी सातची होती.

डॉक्टर आणि बापू यांचं असं आहे-नाही, आहे-नाही चाललं होतं, तेवढ्यात काकी बाहेर आल्या. पुरुषांच्या बैठकीत त्यांना मी तोवर कधी बघितलं नव्हतं. गावानंही नव्हतं. पदर डोक्यावर होता, पण कपाळाच्या वर.

"जोशी, लिहा," त्या म्हणाल्या. "दशमी. सव्वातीन."

"आई!" बापू ओरडले. "उद्या एकादशी हाय. येवढी एक रात कळ काढ. आबांचं वैकुंठ हाय त्यात!"

"च्या पीत हुते," काकी म्हणाल्या. त्या बापूंशी बोलत नव्हत्या, जोशींच्या वहीशी बोलत होत्या. "अर्धा कप ऱ्हायला. माझ्या हातात दिला आन् मान टाकली. मी घड्याळ बघितलं."

"अगं पर लोकं काय म्हणतील? आबा दशमीला गेले?"

"तारीख माझी, असं तेच म्हणाले हुते ना, सगळ्या गावादेखत? मग टाकली त्यांनी. आता ती खोडणारी मी कोण?"

भावकीच्या माना आतल्या भिंतीकडं वळल्या. सहीचा तो फोटो तर अजून बैठकीत लावलेला होता, हातात पेन आणि तोंडावर हसू.

आत गेलो. आबांच्या अंगावर गळ्यापर्यंत वाकळ. ती मुलांनी घातलेली. पण डोक्याखाली दोन उशा होत्या. पंखा बंद होता. आणि मिटलेल्या डोळ्यांवर ओला कापूस, आत्ताच बदलल्यासारखा, टपटपीत ओला. डॉक्टरांनी कापूस उचलून बघितलं आणि पिशवी उघडली. जोशींनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच घड्याळाकडं बघितलं नाही.

वीस मिनिटांत काम झालं. काकींनी कागदावर अंगठा दिला. मग आतल्या बायकांकडं वळून म्हणाल्या, "आता रडा गं." दोन तासांचं कोंडलेलं रडणं असं फुटलं, की दावणीची जनावरं उठून उभी राहिली.

मी पेटी घेऊन निघालो. काकी ओट्याच्या कडेपर्यंत आल्या.

"दगडू, कुणाला बसणार?"

"नाव सांगायचं नसतं, काकी. नियम हाय."

त्या पेटीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. तिला म्हणावं, डोळ्यात कायबी घालू नको."

सातची गाडी मिळाली. जीपनं त्या दिवशी आमची लाज राखली. पेटी माझ्या मांडीवर, सुमीचा हात पेटीवर. यवत गेल्यावर तिनं विचारलं, "मामा, येळ खरी हाय ना? का एकादशीची?"

"दशमीची," मी म्हटलं.

कुणाचे, ते मी सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

पट्टी सुटली तेव्हा पोरगं समोर उभं केलं होतं. सुमीनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "अगं बया," ती म्हणाली, "हे तर पार नवऱ्यावर गेलंय! मला वाटलं जरा बरं निघंल!" आणि मग जी रडायला लागली, ती डॉक्टर ओरडले तेव्हा थांबली.

चार महिन्यांनी तिला सासरी पोचवायला मी मांडवगणला गेलो. बौद्धवाड्याची वाट पाटलांच्या अंगणावरून जाते. मधल्या काळात भावकीनं काकींशी बोलणं टाकलं होतं. आबांचं वैकुंठ त्यांनी घालवलं, असं गाव म्हणत होतं. काकी एकट्याच ओट्यावर बसून डाळ निवडत होत्या.

आम्ही खाली मान घालून पुढं निघालो.

"ए पोरी," काकींनी हाक मारली. "हिकडं ये. वर बघ."

सुमी ओट्यापाशी गेली. मान वर करून तिनं काकींकडं सरळ बघितलं.

काकींचा हात डाळीत तसाच राहिला. मग तो वर आला आणि त्यांनी डोक्यावरचा पदर ओढून कपाळाच्या खाली घेतला.

"सूनबाई," त्या आत बघून म्हणाल्या, "च्या टाक गं. कोनाड्यातला कप नको, आबांच्या कपात दे. त्या दिवशी अर्धाच ऱ्हायला हुता."